मोबाइलचे पान कोणी लावायचे?

मे २०२५ च्या अखेरच्या आठवड्यात बारामती आणि इंदापूर तालुक्यांत पावसाने कहर केला. मृग लागायलाही अवकाश होता आणि ओढे-नाले दुथडी भरून वाहू लागले, नीरा डावा कालवा फुटला, घरांत आणि उभ्या पिकांत पाणी शिरले. नीरेकाठच्या सांगवीसारख्या गावात अशा दिवशी लोकांना मोजकीच माहिती हवी असते. वीर धरणातून नदीत विसर्ग किती सोडला, फलटणकडे जाणारा रस्ता चालू आहे का, तालुक्याचा नियंत्रण कक्ष कोणत्या क्रमांकावर भेटेल. लाइट गेलेली असते, रेंज येऊन-जाऊन असते, फोनची बॅटरी उतरत चाललेली असते. पेपरचा गठ्ठा उद्या पहाटे येणार. आजचा पेपर म्हणजे हातातला फोन.

छापील अंकात ही माहिती कुठे जाईल हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. तालुक्याचे पान लावणारा उपसंपादक मुख्य बातमी चार कॉलमी घेतो, शेजारी फोटो लावतो आणि बातमीला खेटून एक चौकट देतो. त्या चौकटीत संपर्क क्रमांक, बंद रस्ते, धरणांतला साठा. चौकट बातमीपासून लांब गेली तर रात्री उशिरासुद्धा पान मोडून पुन्हा लावले जाते. तीच बातमी संकेतस्थळावर चढते तेव्हा संगणकाच्या रुंद पडद्यावर ती चौकट उजव्या रकान्यात नीट दिसते. फोनवर रुंदी पुरत नाही, म्हणून तो उजवा रकाना सरळ खाली जातो. बातमी संपते, मग जाहिरात, मग ‘हेही वाचा’, मग एखाद्या नटाच्या लग्नाचे फोटो, मग राशिभविष्य आणि त्याच्याही खाली नियंत्रण कक्षाचा क्रमांक. हा क्रम कुणी ठरवला? कुणीच नाही. तो साच्यात आपोआप तसा पडला.

मराठी दैनिकांची संकेतस्थळे आता बहुतेक ‘रिस्पॉन्सिव्ह’ झाली आहेत. म्हणजे पडद्याची रुंदी पाहून पान आपली मांडणी बदलते. तेवढ्यावर समाधान मानले गेले, ही खरी अडचण आहे. पान रुंदीत मावले म्हणजे वाचकाच्या उपयोगी पडले असे होत नाही. छोट्या पडद्यावर आधी काय, मग काय, आणि काय अजिबात नको, हा संपादकीय निर्णय आहे. छापील पानाबाबत मराठी संपादक हा अधिकार जिवापाड जपत आले. फोनच्या पानाबाबत मात्र तो त्यांनी संगणक विभागाकडे आणि जाहिरात विभागाकडे सोपवला आहे. तो परत घेतला पाहिजे.

‘रिस्पॉन्सिव्ह’ पद्धतीचा जन्म तसा अलीकडचा. २५ मे २०१० रोजी अमेरिकी वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात लेख लिहून तिला नाव दिले. त्याआधी दोन संकेतस्थळांचा रिवाज होता. एक संगणकासाठी, दुसरे मोबाइलसाठी, आणि मोबाइलवाल्याच्या वाट्याला बहुधा उरलेसुरले यायचे. मार्कॉट यांचे म्हणणे असे की पान एकच ठेवा. रकान्यांची रुंदी पडद्याच्या प्रमाणात द्या, चित्रांना जागेनुसार आकसू द्या आणि कोणत्या रुंदीला कोणती मांडणी हे नियम पानातच लिहून ठेवा. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०११ मध्ये, ‘बोस्टन ग्लोब’ने आपले नवे संकेतस्थळ याच रीतीने उभे केले. मोठ्या दैनिकांत तो पहिलाच प्रयोग मानला जातो आणि मार्कॉट स्वतः त्या कामात होते. त्याच वर्षी ल्यूक रोब्लेव्स्की यांचे ‘मोबाइल फर्स्ट’ हे पुस्तक आले. त्यांचा आग्रह होता की आधी छोट्या पडद्याचा विचार करा, कारण जागा कमी असली की महत्त्वाचे काय हे ठरवल्यावाचून सुटका नसते.

मराठी संकेतस्थळांची त्या काळापर्यंतची लढाई वेगळीच होती. वेबवर आलेली सुरुवातीची मराठी दैनिके आपापल्या खासगी फॉन्टांत असत. तो फॉन्ट वाचकाने उतरवून घेतला नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसे. विंडोज २००० बरोबर प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ फॉन्ट आला, हळूहळू युनिकोड रुळला आणि मराठी अक्षर कुठल्याही संगणकावर उमटू लागले. मांडणीचा विचार करायला उसंत मिळेपर्यंत वाचकच बदलून गेला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला. पुढच्या वर्षी जिओफोन आला. त्याचा पडदा २.४ इंचांचा, जेमतेम २४० पिक्सेल रुंद, आणि खाली बटणे. संगणकाला कधी हात न लावलेला वाचक थेट फोनवर आला. ऊसतोडीला बीड-अहिल्यानगरकडून माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरच्या पट्ट्यात उतरणाऱ्या टोळ्यांच्या कोपीवर पेपर टाकणारा पोऱ्या जात नाही, फोन मात्र तिथे असतो. मराठी संपादकीय कचेरीत हा वाचक डोळ्यांसमोर ठेवून पान लावले जाते असे त्या पानांकडे पाहून वाटत नाही. कचेरीतले पडदे मोठे, वाय-फाय वेगवान, आणि संकेतस्थळ तपासायचे म्हणजे त्या मोठ्या पडद्यावर एकदा नजर टाकायची.

यात सर्वांत दुर्लक्षित राहिली ती आपली लिपी. रोमन अक्षरे एका पट्टीत बसतात. मराठीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार. इंग्रजी मथळ्यात दोन ओळींमधले अंतर अक्षराच्या सव्वापट असले तरी चालून जाते. तोच आकडा मराठी मथळ्याला लागला की वरच्या ओळीचा दीर्घ उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. मराठी मजकुराला दीडपटीहून अधिक मोकळीक लागते. मथळ्याच्या चौकटीची उंची पिक्सेलांत बांधून टाकलेली असेल तर आणखी नुकसान होते. ‘कर्जमाफी’तला रफार वरून छाटला जातो, ‘सुरू’तल्या ‘सु’चा उकार खालून. ज्येष्ठांच्या फोनवर हे हमखास दिसते, कारण नातवाने सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठे करून दिलेले असते. अक्षर वाढते, चौकट वाढत नाही. काही पानांवर तर दोन बोटांनी पान मोठे करण्याची सोयच बंद केलेली असते. मजकूर दुप्पट मोठा केला तरी पान मोडू नये, असे वेबच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांत स्पष्ट लिहिलेले आहे. साठी-पासष्टीचा वाचक हा मराठी दैनिकांचा कणा. त्याच्याच हातून भिंग काढून घेतल्यासारखे हे झाले.

बारीकसारीक वाटणाऱ्या आणखी गोष्टी आहेत. इंग्रजी मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांत थोडी फट सोडतात. तो नियम साच्याबरोबर तसाच मराठीत आला की शिरोरेघ तुटते. पानाची भाषा मराठी अशी नोंदवलेली असली की काही चांगल्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श उमटतात, नोंदवलेली नसली की हिंदी वळणाचे. हे एका ओळीचे काम आहे. फॉन्टही आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ कुणालाही फुकट वापरता येतो. फक्त एक भान ठेवावे लागते. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा बरीच जड असते. मथळ्याला एक, पोटमथळ्याला दुसरा, मजकुराला तिसरा असा थाट केला की बातमी दिसण्याआधीच वाचकाचा धीर सुटतो. एक फॉन्ट, दोन जाडी, बस्स.

पण मांडणीत संपादकाची गरज किती, हे खरे कळते ते बाजारभावाच्या तक्त्यात. छापील पानावर त्याचे रकाने ठरलेले असतात. शेतमाल, जात, एकक, आवक, किमान, कमाल आणि शेवटी सर्वसाधारण भाव. शेतकऱ्याची नजर जाते ती या शेवटच्या रकान्यावर, कारण किमान भाव खराब मालाचा आणि कमाल भाव एखाद्याच निवडक लॉटचा असू शकतो. आता हा तक्ता जसाच्या तसा फोनवर पाहा. सहा-साडेसहा इंची फोनची रुंदी सात सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे आठ कॉलमी पेपरचे दोन कॉलमही पुरते भरत नाहीत. शेतमाल दिसतो, जात दिसते, एकक आणि आवक दिसते, किमान भावाचा पहिला आकडा दिसतो आणि पडदा संपतो. सर्वसाधारण भाव उजव्या कडेबाहेर. तक्ता बोटाने सरकत असला तर तो सरकवावा, पण तसे केले की डावीकडचे नाव दिसेनासे होते. मग समोरचा आकडा ज्वारीचा की मक्याचा, हे आठवून ठेवायचे. भर उन्हात, पडद्यावर चकाकी, एका हातात टेम्पोवाल्याचा फोन चालू, अशा माणसाने हे करावे अशी अपेक्षा आहे.

उपाय अवघड नाही. एका शेतमालाला एक पट्टी द्यावी. डावीकडे ठळक नाव, उजवीकडे मोठ्या आकड्यात सर्वसाधारण भाव, त्याच्याखाली लहान अक्षरात किमान, कमाल आणि आवक. ‘एकक’ हा रकाना काढूनच टाकावा, वर एकदा ‘भाव क्विंटलमागे’ असे लिहिले की झाले. पण सातांपैकी कोणता रकाना पुढे आणायचा आणि कोणता मागे ठेवायचा, हे प्रोग्रामरला कुठून कळणार? ते कळते बाजार समितीच्या आवारात उभे राहिलेल्या कृषी बातमीदाराला. मराठीत २००५ पासून ‘ॲग्रोवन’सारखे संपूर्ण शेतीला वाहिलेले दैनिक निघते आहे, म्हणजे जाणकार माणसे आपल्याकडे आहेत. ती मोबाइलच्या पानाच्या बैठकीला बसलेली हवीत.

निवडणुकीच्या निकालाचेही तसेच. ४ जून २०२४ रोजी लोकसभेची मतमोजणी होती आणि बारामतीकडे देशाचे लक्ष होते. सुप्रिया सुळे १,५८,३३३ मतांनी निवडून आल्या. बारामती मतदारसंघात दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर, भोर आणि खडकवासला असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. इंदापूरच्या वाचकाला आधी इंदापूरचे मताधिक्य हवे असते. निकालाच्या दिवशी संकेतस्थळांवर रंगीत नकाशे मांडायची हौस असते. महाराष्ट्राचे ४८ मतदारसंघ सात सेंटिमीटरमध्ये बसवले की अंगठा एका वेळी दोन-तीन मतदारसंघ झाकतो आणि बारामतीवर ठेवलेले बोट शेजारच्या मतदारसंघाचा आकडा उघडते. मोठ्या पडद्यावर नकाशा जरूर द्यावा. फोनवर मात्र शोधायची एक पट्टी आणि खाली साधी यादी पुरते. माळेगाव सहकारी साखर कारखान्याची निवडणूक जून २०२५ मध्ये झाली, तिथे तर मतदार गटनिहाय विचार करतो. सांगवी गटातल्या सभासदाला सांगवी गटाचे आकडे पहिल्यांदा दिसावेत, मग पणदरे, मग नीरावागज. वाचकाने एकदा आपला गट निवडला की पुढच्या फेरीला तोच वर यावा, एवढी सोय करणे आजच्या घडीला मुळीच कठीण नाही.

पानाचे वजन हा पुढचा मुद्दा. रिस्पॉन्सिव्ह पानात एक फसगत असते. फोनवर जे दिसत नाही ते बऱ्याचदा फक्त लपवलेले असते, डेटा मात्र त्याचाही जातो. मोठ्या पडद्यासाठीचा भला मोठा फोटो फोनवर आकसून दाखवला तरी उतरतो पूर्णच. एकाच फोटोच्या चार-पाच आकारांच्या प्रती ठेवून फोनला लहान प्रत द्यायची तजवीज वेबच्या भाषेत कित्येक वर्षांपासून आहे. फोटो नुसता लहान करूनही भागत नाही, तो नव्याने कापावा लागतो. फुटलेल्या कालव्याचा लांबून घेतलेला आडवा फोटो फोनवर पाहिला तर भगदाड कुठे आहे तेच कळत नाही. छापील अंकात फोटो कापणारा माणूस हे रोज करतो, वेबवर त्याला विचारले जात नाही. आणि फोटोवरच मथळा छापून चढवायची जी खोड लागली आहे ती तर टाकूनच द्यावी. चित्रातली अक्षरे फोनवर मुंगीएवढी होतात, आणि अंध वाचकाचा फोन ती वाचून दाखवेल याची खात्री नसते.

संकटाच्या दिवसासाठी तर वेगळेच पान हवे. अमेरिकेत ‘एनपीआर’ या सार्वजनिक रेडिओचे नुसत्या मजकुराचे संकेतस्थळ आहे. तिथे चित्र नाही, जाहिरात नाही, फक्त मथळे आणि बातम्या. सप्टेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडावर इर्मा चक्रीवादळ आले तेव्हा रेंज अडखळत असलेल्या लोकांना त्याचा आधार झाला. ‘सीएनएन’नेही तेव्हा आपली हलकी आवृत्ती लोकांपुढे आणली. २ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेली बीबीसी मराठी ज्या ‘सिमॉर्ग’ या यंत्रणेवर चालते, तिचा संपूर्ण कोड बीबीसीने खुला ठेवला आहे. मराठी वृत्तसमूहातला कुठलाही प्रोग्रामर तो उघडून पाहू शकतो, त्यातून शिकू शकतो. भाटघर, नीरा देवघर, वीर भरत आली की नीरेकाठी दर पावसाळ्यात सावधानतेचा इशारा येतो. विसर्गाचा आकडा, तो कोणत्या वेळचा आहे, पाण्याखाली गेलेले पूल, बंद रस्ते आणि दूरध्वनी क्रमांक, एवढ्या मजकुराला एका लहानशा फोटोइतकाही डेटा लागत नाही.

जाहिरातींबद्दल रोखठोक बोलले पाहिजे. संकेतस्थळ फुकट आहे, पगार जाहिरातींवर होतात आणि तालुका बातमीदाराचे मानधनही त्यातूनच निघते. जाहिरात नको असे म्हणण्यात अर्थ नाही. आक्षेप आहे तो ती कशी येते याला. वाचक दुसरा परिच्छेद वाचत असतो, वरच्या बाजूला जाहिरात उशिराने उमटते, मजकूर झटक्यात खाली ढकलला जातो आणि ओळ सुटते. किंवा बातमीवर ठेवलेले बोट जाहिरातीवर पडते. मग तळाला चिकटलेली पट्टी, कोपऱ्यात आपोआप सुरू झालेला व्हिडिओ, ‘सूचना पाठवू का?’ अशी चौकट. मजकुराला उरतात चार ओळी. गूगलने २०२० मध्ये पानाच्या दर्जाचे जे मापदंड जाहीर केले, त्यांत अशा उड्या मोजल्या जातात आणि मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा असेही सांगितले आहे. जाहिरातीची जागा आधीपासून राखून ठेवली तर मजकूर उडत नाही. छापील अंकात जाहिरात विभाग डमीवर जागा आखून देतो आणि बातमी तिच्या कडेने लागते. तीच शिस्त इथे लावायची आहे.

‘आमचे ॲप आहे ना’, हे उत्तर नेहमी तयार असते. स्वस्त फोनची मेमरी सुप्रभातच्या फोटोंनी आणि कीर्तनाच्या व्हिडिओंनी भरलेली असते, आणखी एका ॲपला जागा नसते. शिवाय गावात बातमी फिरते ती व्हॉट्सॲपवरच्या लिंकमधून, आणि ॲप नसेल तर ती लिंक संकेतस्थळावरच नेते. ई-पेपर हा तर या सगळ्याच्या उलट टोकाचा प्रकार. अख्खे छापील पान चित्र म्हणून फोनवर येते आणि वाचक ते बोटांनी ओढत बसतो. म्हणूनच गावोगावचे गट ई-पेपरच्या कात्रणांनी भरलेले असतात. कुणीतरी आपल्या गावची बातमी कापून, तेवढाच तुकडा पुढे पाठवतो. एक बातमी, पडद्याच्या रुंदीत बसणारी, आगापिछा नसलेली. संपादकांनी न केलेली मांडणी वाचकांनी स्वतःच करून घेतली आहे, तिच्याकडे नीट पाहायला हवे.

पुण्यात १ जानेवारी १९३२ रोजी ‘सकाळ’ सुरू करणाऱ्या ना. भि. परुळेकरांनी गावोगावचे बातमीदार जोडले, आणि गावची बातमी पेपरात येण्याला प्रतिष्ठा मिळाली. आज त्याच तोडीची मेहनत बातमी गावात कशी वाचली जाते यावर व्हायला हवी. सुरुवात स्वस्तात होते. प्रत्येक डेस्कवर सात-आठ हजारांचे दोन जुने फोन ठेवावेत, एकात अक्षर सर्वांत मोठे करून. संध्याकाळच्या बैठकीत छापील पहिल्या पानाची चर्चा होते तशी त्या फोनवरच्या पहिल्या पानाचीही व्हावी, तीही वाय-फाय बंद करून. कोणती चौकट बातमीच्या आत बसेल आणि कोणती नंतर येईल, हे बातमी चढवणाऱ्या उपसंपादकाला एका खुणेने ठरवता यावे, अशी सोय साच्यात असावी. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची महाविद्यालये आहेत, माळेगावजवळ शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे. संगणक शिकणारी मुले आणि बाजारभाव पाहणारे शेतकरी एका जागी बसवून पान तपासून घ्यायला याहून सोयीची जागा सापडणार नाही. मुलांनी मधे न बोलता फक्त पाहावे, अंगठा कुठे अडतो, डोळे कुठे बारीक होतात, पान कुठे मिटले जाते. आणि तालुका बातमीदाराने यापुढे घटनास्थळावरून दोन फोटो पाठवावेत, एक अंकासाठी आडवा आणि एक फोनसाठी जवळून घेतलेला उभा.